वरच्या ठाण्याची वही

४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

पत्राला उशीर झाला, म्हणून आधीच कान पकडते. तुझ्या चौकीवर फोन लागत नाही आणि जीप आठवड्यातून एकदाच वर येते, हे माझ्या नेमकं जीप निघून गेल्यावर लक्षात येतं.

बातमी मोठी आहे. अभयारण्याची हद्द नव्याने आखायची ठरली आहे आणि नकाशा काढायचं काम माझ्याकडे आलंय. अख्खा नकाशा, आणि कोपऱ्यात माझी सही. चार वर्षं मी दुसऱ्यांच्या नकाशांवर झाडं आणि विहिरी रंगवत बसले होते, तेव्हा माझं काय झालं असेल ते तूच समज. त्या दिवशी मी दोनदा जेवले.

नियम सोपा ठरलाय. ज्या जमिनीचं पाणी उन्हाळ्यातही अभयारण्याच्या ओढ्याला मिळतं ती हद्दीच्या आत, बाकीची बाहेर. तीन उन्हाळ्यांच्या नोंदी बघायच्या आणि त्यांतल्या निदान दोन उन्हाळ्यांत पाणी दिसलं पाहिजे. म्हणजे सगळी भिस्त तुझ्यावर. पाणी मोजायच्या तुझ्या दोन्ही ठाण्यांच्या वह्या माझ्या टेबलावर आल्या आहेत. पुलाच्या ठाण्याच्या वहीवर चहाचे डाग, चिखलाची बोटं, एका पानावर तर चिरडलेला डाससुद्धा आहे. वरच्या, दलदलीजवळच्या ठाण्याची वही मात्र फारच नीटनेटकी. गेल्या दोन उन्हाळ्यांत एक डाग नाही, सगळं अक्षर एका ओळीत. तिथे जाताना हात धुऊन जातेस की काय?

बाबा गुडघ्याचं विचारत होते. खरं काय ते लिही.

तुझी
मुंगी

१२ फेब्रुवारी

प्रिय मुंगे,

तुझी सही असलेला नकाशा. वाचून मी जीपवाल्याला थांबवून सांगितलं, आणि तो बिचारा रॉकेलचे डबे उतरवता उतरवता 'हो का, हो का' करत राहिला. तुझ्या बापाला म्हणावं, बघ, लहानपणी भिंतीवर रेघोट्या मारायची म्हणून पोरीला बडवायला निघाला होतास.

वहीचं कौतुक केलंस, बरं वाटलं. बावीस वर्षांत हेड ऑफिसातून माझ्या अक्षराबद्दल एक चकार शब्द आला नव्हता. पुलाची वही चौकीच्या पायरीवर बसून लिहिते, एका हातात कप असतो. वरची जरा निवांत लिहिली जाते.

गुडघा आहे तिथेच आहे. तुझ्या बापाला दुसरं काही सुचत नाही का?

इथलं विचारशील तर पाणमांजरांनी यंदा पुलाखालच्या झऱ्याजवळच घर केलंय. दोन पिल्लं आहेत. सकाळी मी पाणी मोजायची पट्टी बघायला गेले की आई माझ्याकडे असं बघते, जणू काही मीच भाडेकरू आहे. हा झरा म्हणजे आपल्या ओढ्याचा जीव. भर उन्हाळ्यात सगळीकडे खडखडाट झाला तरी तो आटत नाही. हरणं, रानडुकरं, खालच्या गावची गुरं, सगळी त्याच्यावर जगतात. नकाशावर त्याला चांगला मोठा निळा ठिपका दे.

जूनअखेर मी निवृत्त होते. निरोपसमारंभ करणार म्हणे. भाषण करायला लावलं तर मी पळून जाईन.

तुझी
आत्या

२५ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

निळा ठिपका दिला. चांगला मसुराएवढा आहे, बघ. सोबत कच्च्या नकाशाची प्रत पाठवतेय. अजून साहेबांची सही व्हायची आहे, पण रेघ पसंत पडली आहे. ती एप्रिलअखेर कायम होईल.

एक सांगायला हवं. वरची दलदल हद्दीबाहेर गेली आहे. तुझ्या वहीत पहिल्या उन्हाळ्यात रोज पाच-सहा बोटं पाण्याची नोंद आहे, पण पुढचे दोन्ही उन्हाळे मार्च ते मे सरसकट शून्य. तीनपैकी दोन कोरडे, म्हणून नियमाने ती बाहेर. तिथे चर खणून सगळी जमीन वाळवणार आणि पाहुण्यांच्या गाड्या लावायला तळ करणार. वर एक उपाहारगृहही येईल. साहेब म्हणाले, कोरडी जागा आहे, कोणाचं काही बिघडत नाही.

तुला वाईट वाटेल हे माहीत आहे. मलाही वाटलं. पण आकडे तुझेच आहेत, आणि तुझ्या आकड्यांवर इथे कोणी शंका घेत नाही. नकाशा नीट बघ आणि काही खटकलं तर लगेच कळव.

तुझी
मुंगी

५ मार्च

मुंगे,

नकाशा बघितला. रंग छान आहेत.

नियम केला कोणी? ज्यांनी केला त्यांनी कधी दलदल पाहिली आहे का? तीन उन्हाळे हे काय माप झालं? माणसाला ओळखायला तीन उन्हाळे पुरत नाहीत, आणि हे जमीन ओळखायला निघाले. आणि गाड्यांचा तळ? अभयारण्यात येणाऱ्यांना शंभर पावलं चालता येत नसेल तर घरीच बसावं की. तिथे लव्हाळ्यात पाणकोंबड्या अंडी घालतात, पावसाळ्यात एवढे बेडूक असतात की बोललेलं ऐकू येत नाही. ते कुठे जाणार, उपाहारगृहात?

तू एक कर. ती रेघ जरा वर सरकव. पेन्सिलीच्या जाडीएवढी तर गोष्ट आहे. कोणाच्या बापाला कळणार नाही.

आत्या

१३ मार्च

प्रिय आत्या,

या नकाशावर पेन्सिलीच्या जाडीत अख्खी दलदल मावते. घोडं तिथेच तर अडलंय.

तू मला रेघ सरकवायला सांगशील असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. बाजारात भाजीवालीने एक भेंडी जास्त टाकली तर परत करणारी तू. म्हणून एकच विचारते, आणि रागावू नकोस. ते दोन उन्हाळे तू वर गेली होतीस ना?

मुंगी

९ एप्रिल

प्रिय मुंगे,

महिनाभर पत्र नाही म्हणून तू घाबरली असशील. मला उत्तर द्यायचं नव्हतं. तीन वेळा जीप आली आणि तीन वेळा मी आत काम आहे असं दाखवून बाहेरच आले नाही.

नव्हते गेले. एकदाही नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत, वरच्या चढावर गुडघा असा काही निसटला की मी बसतबसत खाली आले. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा आणि चढायचं काम सोडा. हे ऑफिसला कळवलं असतं तर मला शहरातल्या टेबलावर बसवलं असतं. नोकरीची शेवटची वर्षं पंख्याखाली कागदांना टाचण्या लावत काढायची माझी तयारी नव्हती. म्हणून मी मूग गिळून गप्प बसले. पावसाळ्यात वरची नोंद आठवड्यातून एकदाच लागते, ती जीपवाला जाऊन घेऊन यायचा. उन्हाळ्यात त्याची जीप पाणी वाहायच्या कामाला लागते, त्यामुळे उन्हाळ्यात कोणीच वर गेलं नाही.

शून्य का लिहिलं, तेही ऐक. पहिल्या उन्हाळ्यात वर पाणी होतं आणि दलदलीकडून येणारी नाळ, म्हणजे तो गोट्यांमधला ओहोळ, पुलाखालीही वाहत होती. पुढच्या उन्हाळ्यात पुलाखालची नाळ कोरडी पडली. मी धरून चालले की खाली नाही म्हणजे वरही नाही. एका बैठकीत तीन महिन्यांची शून्यं लिहून टाकली. पुढच्या वर्षी परत तेच. मला ती थापसुद्धा वाटली नाही, मुंगे. बावीस वर्षं पाणी बघणाऱ्या बाईला बघायची काय गरज, असं वाटलं. किती तो गर्व.

तुझ्या पत्रानंतर नकाशा टेबलावर पडून होता. रोज जेवताना ती रेघ दिसायची. शेवटी गेल्या सोमवारी उजाडताच दोन काठ्या घेऊन निघाले. चाळीस मिनिटांची वाट आहे, मला पाच तास लागले. तीन ठिकाणी रडले, त्यातल्या दोन ठिकाणी गुडघ्यामुळे.

दलदल भरलेली आहे. एप्रिलमध्ये, एवढ्या उन्हात, पट्टीवर सात. चतुर उडत होते, लव्हाळं माझ्या खांद्याएवढं होतं आणि पाणकोंबडीची चार काळी पिल्लं आईमागे पळत होती. मी तिथेच चिखलात बसले. पाणी ठाण्याच्या फळीवरून पडत होतं, आणि त्याच्या मागोमाग गेले तर दोनशे पावलांवर ते गोट्यांमध्ये शिरून नाहीसं होत होतं. वर वाहतंय, पुलाखाली काही नाही. मग ते जातं कुठे? मला वाटतं, पुलाखालचा झरा म्हणजे तेच पाणी आहे. जमिनीखालून येतं. तू मसुराएवढा ठिपका दिलास ना, त्याचं मूळ तुझ्या रेघेच्या बाहेर आहे. दलदल वाळवली तर झरा जाईल, आणि झरा गेला तर काय उरेल ते तुला सांगायला नको.

हे सगळं मी सही करून साहेबांना लिहिलं आहे. त्यांचं पाकीट जीपवाल्याच्या हाती वेगळं दिलंय. तुझ्याकडे दिलं असतं तर माझ्या मायेपोटी तू ते खणात ठेवलं असतंस. तुझ्या पहिल्यावहिल्या नकाशाची मी माती केली, त्याची मला फार लाज वाटते.

आत्या

२० एप्रिल

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून मी ऑफिसच्या जिन्यात बसून राहिले. आधी राग आला, तुझा आला. मग रागाचं खरं कारण कळलं.

मला माहीत होतं. वही उघडली त्याच दिवशी कळलं होतं. नव्वद दिवसांची शून्यं एकाच शाईत, एकाच दाबाची, शेवटी शेवटी दमून उजवीकडे कललेली. तीन महिने रोज चढून येणाऱ्या माणसाची वही अशी नसते. पण विचारलं असतं तर चौकशी, चौकशी झाली असती तर नकाशा लांबला असता, आणि नकाशा दुसऱ्याकडे गेला असता. म्हणून सरळ विचारायच्या ऐवजी मी तुझ्या अक्षराचं कौतुक केलं. तू ते खरं मानलंस हे वाचलं तेव्हाच मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं होतं. तरीही मी नकाशा पुढे पाठवला. तू दमली होतीस, घाबरली होतीस. मला तर काहीच दुखत नव्हतं.

साहेबांनी तुझं पत्र दोनदा वाचलं. मग मला बोलावून विचारलं, "तुम्हाला याची कल्पना होती?" मी म्हटलं, "होती." "निदान एका घरात दोन खोटी माणसं एकदमच खरं बोलायला लागली," म्हणाले. हसले नाहीत. नकाशा माझ्याकडून काढून घेतलाय. मी सध्या विहिरी रंगवते आहे.

पण त्यांनी रेघ थांबवली आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात ते स्वतः वर येणार. झरा दलदलीचाच आहे हे दाखवता आलं पाहिजे, नाहीतर तुझं म्हणणं नुसता अंदाज ठरेल, आणि तुझ्या अंदाजांवर आता कोण विश्वास ठेवणार, असं ते म्हणाले. कठोर आहे, पण लिहायला हवं होतं. विचार कर आत्या, कसं दाखवायचं?

तुझी
मुंगी

९ मे

प्रिय मुंगे,

आधी तुझं. झालं ते झालं. मी तुला रेघ सरकवायला सांगितलं आणि तू ती सरकवली नाहीस, एवढं माझ्या लक्षात राहील. बाकीचं आपण दोघी मिळून विसरू. विहिरी नीट गोल काढ.

आता साहेबांचं. परवा आले, सोबत हेड ऑफिसचे दोघे. मला जीपवाल्याने आणि त्याच्या भावाने खुर्चीवर बसवून वर नेलं. असा मान निरोपसमारंभातही मिळाला नसता. दलदलीच्या काठावर साहेबांचा एक पाय गुडघ्यापर्यंत गेला. पाय वर आला, बूट आला नाही. "कोरडी जागा," असं ते स्वतःशीच पुटपुटले. मी आभाळाकडे बघत राहिले.

दाखवायचं कसं, यावर मी पंधरा दिवस डोकं खाजवलं होतं. शेवटी अगदी साधं केलं. वरच्या ठाण्याला फळ्या बसवायच्या खाचा आहेत, पट्टी दुरुस्त करताना पाणी अडवायला ठेवलेल्या. सकाळी सातला आम्ही सगळ्या फळ्या टाकून दलदलीचं तोंड बंद केलं. एकजण वर बसला आणि आम्ही खाली झऱ्यापाशी. झऱ्यात मी एक पट्टी रोवून ठेवली होती. नऊ वाजले, दहा वाजले, पाणी जिथल्या तिथे. साहेब घड्याळ बघत होते. माझा जीव टांगणीला लागला होता, मुंगे. हे चुकलं असतं तर मी दलदल दुसऱ्यांदा घालवली असती.

सव्वाबाराला झरा एक बोट खाली गेला. दोनला तीन बोटं. पाणमांजराची आई बाहेर येऊन दगडावर उभी राहिली आणि आमच्याकडे बघायला लागली. साहेबच म्हणाले, "उघडा, उघडा, बस झालं." वर निरोप गेला, फळ्या काढल्या. रात्री नवाच्या सुमारास, कंदिलाच्या उजेडात, झरा पूर्वीच्या खुणेवर आला. साहेबांनी ते स्वतःच्या डायरीत लिहिलं आणि खाली माझी सही मागितली. मी केली.

तुझी
आत्या

३ जून

प्रिय आत्या,

दलदल आत आली. आज दुपारी सही झाली. रेघ आता दलदलीच्याही वरून, पार टेकडीच्या धारेवरून जाते. गाड्यांचा तळ खालच्या फाटकाबाहेर, जुन्या गोदामाच्या जागी होईल. पाहुणे चालतील.

एक अट आहे. हा निर्णय वर्षापुरता. वर्षभर वरच्या ठाण्याच्या रोजच्या नोंदी खऱ्या खऱ्या आल्या तर रेघ कायम. तुझे ते दोन उन्हाळे वहीत तांबड्या शाईने खोडले आहेत.

आता कडू गोष्ट. तुला लेखी ताकीद येणार आहे आणि निरोपसमारंभ होणार नाही. साहेबांना सांगताना अवघड जात होतं, पण नियम नियम आहे. मीही त्यांच्याशी भांडले नाही. नकाशावर सही दुसऱ्याची आहे. मी तो नकाशा आज भिंतीवर पाहिला आणि मला वाटलं होतं तेवढं वाईट नाही वाटलं. चांगला आहे तो. खरा आहे.

जुलैत तू इकडे येतेस. ऑपरेशनची तारीख मी घेतली आहे, बाबांनी पलंग खालच्या खोलीत हलवला आहे. नाही म्हणायचं नाही.

तुझी
मुंगी

१७ नोव्हेंबर

प्रिय मुंगे,

तुझ्या घरून परत आल्यापासून हे पहिलंच पत्र. तुझ्या बापाने ऑपरेशननंतरचे सहा आठवडे मला असं जपलं की मी बरी होऊन पळाले. टेकडीच्या पायथ्याशी खोली मिळाली आहे, दोन खिडक्या आहेत, एकीतून पूल दिसतो. रोज अर्धा तास चालते. ताकीद पत्र्याच्या पेटीत ठेवली आहे. बावीस वर्षांत ऑफिसने मला लिहिलेलं एवढं लांब पत्र तेच.

माझ्या जागी चाळिशीची एक बाई आली आहे. आधी बसमध्ये कंडक्टर होती. तिचा आवाज असा आहे की पुलावरून हाक मारली तर हरणंसुद्धा पुढे सरकून घेतात. पहिले आठ दिवस मला ती अजिबात आवडली नाही. माझी पट्टी, माझा पूल, आणि ही कोण. मग ती एकदा वरून आली आणि म्हणाली, "तुमची दलदल काय जागा आहे हो," आणि तिचे डोळे भरले होते. त्यानंतर मी तिला चहा द्यायला लागले.

आठवड्याची वही ऑफिसला पाठवायच्या आधी ती माझ्याकडे घेऊन येते. मला कोणी सांगितलेलं नाही, पण मी बघते. सगळ्या पानांवर चिखल. काल बघत होते, तर मंगळवारचा चौकोन रिकामा. मी म्हटलं, हे काय? ती जरा ओशाळली. म्हणाली, "धुकं फार होतं. अर्ध्या वाटेवरून परत आले. सोमवारी आठ होतं आणि बुधवारी आठ, म्हणजे मंगळवारीही आठच असणार. लिहून टाकू का?"

मुंगे, आठच असणार. पैजेवर सांगते, आठच होतं. मी त्या चौकोनाकडे बघत बसले आणि मला माझीच इतकी कीव आली की चहा गार झाला. मग तिच्या हातात पेन देऊन म्हटलं, बाई, आकडा नको, 'गेले नाही' असं लिही. तिने लिहिलं, वही बंद केली आणि सहज निघून गेली. दोनच शब्द होते ते. मला दोन वर्षांत लिहिता आले नव्हते.

तुझी
आत्या